क्ले शूटिंगची बंदूक: कंपनी नंतर, आधी डोळा आणि दस्ता

प्रश्न विचारणारा तरुण निपाणीजवळच्या गावातला. वय २६, उंची पाच फूट पाच इंच, उजव्या हाताचा. घरी आजोबांच्या नावावर बारा बोरची जुनी डीबीबीएल (शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, छर्ऱ्यांची बंदूक) आहे, रानडुकरांच्या त्रासापायी घेतलेली. ओळखीच्या एका शूटरबरोबर तो रेंजवर गेला, तिथं क्लबच्या बंदुकीने ट्रॅप, म्हणजे खंदकातून हवेत फेकलेल्या ठिसूळ चकत्या (क्ले) फोडायचा प्रकार, मारून बघितलं आणि त्याला नाद लागला. पण बरेच क्ले सुटले. मागे उभे असलेले कोच म्हणाले, "सगळं डावीकडून जातंय." दुसऱ्या दिवशी गाल सुजला. आता एक जण ३२ इंची नळ्यांची इटालियन ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) विकतोय. तरुण विचारतो: ती घेऊ का, दुसऱ्या कंपनीची बघू, की आजोबांच्याच बंदुकीवर शिकू?

तुम्ही कंपनी विचारलीत, पण तुमच्या प्रश्नातल्या सगळ्यात कामाच्या गोष्टी तुम्ही जाता जाता सांगून गेलात. छर्रे डावीकडून जातात आणि गाल सुजतो. बंदूक तुमच्या अंगाला बसलेली नाही हे या दोन गोष्टी सांगतात. ही तक्रार समजून न घेता तुम्ही कितीही महागाची बंदूक आणलीत तरी ती डावीकडेच मारेल आणि गालावरच बसेल. सैन्यात असताना मी ट्रॅप शिकलो, आता शिकवतो आणि पोरांचे दस्ते, म्हणजे बंदुकीचे खांद्याला लागणारे मागचे लाकडी भाग, जुळवून देतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या माणसाची पहिली चौकशी जवळजवळ नेहमी नळीची किंवा कंपनीची असते. दस्त्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भागात निशाणेबाजी म्हटलं की डोळ्यांपुढे रायफल येते, आणि त्यात नवल नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे, घरटी कुणीतरी फौजेत असतो. पलीकडे कोल्हापूर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. दोघंही रायफलवाले. त्यामुळे आपली पोरं ट्रॅपच्या स्टेशनवर उभी राहतात तीच रायफलीची सवय घेऊन: एक डोळा मिटायचा, पुढचा मणी शोधायचा, नेम धरायचा, श्वास रोखायचा. तोवर क्ले ६० मीटरपार गेलेला असतो.

शॉटगनला मागचं निशाण नसतं. पुढे नळीच्या टोकाला एक मणी असतो, तोही बार करताना बघायचा नसतो, नजर क्लेवर असते. मग मागचं निशाण कुठं आहे? ते तुमचा डोळा आहे. रायफलीचं मागचं निशाण स्क्रूने वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवता येतं. शॉटगनमध्ये तो डोळा कुठं बसणार हे दस्ता ठरवतो: गाल किती उंचीवर टेकतो, तोंड किती आडवं सरकतं, डोकं किती पुढे येतं. डोळा वर गेला तर छर्रे वर, खाली गेला तर खाली, डावीकडे राहिला तर डावीकडे. एवढं एक मनात पक्कं बसलं की बंदूक निवडण्याचा निम्मा गोंधळ संपतो.

किती फरक पडतो, याचा हिशेब करून बघा. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर धरा एक मीटर. दस्ता तुमच्या गालाला ३ मिलिमीटर चुकला, म्हणजे डोळा ३ मिलिमीटर बाजूला राहिला. ट्रॅपमधला क्ले पहिल्या बाराला साधारण ३० ते ३५ मीटरवर फुटतो. ३५ मीटरवर ते ३ मिलिमीटर दहा सेंटिमीटरच्या वर जातात. क्लेचा व्यास ११ सेंटिमीटर. म्हणजे दोन पुठ्ठ्यांच्या जाडीची चूक तिकडे एका अख्ख्या क्लेएवढी होते. छर्ऱ्यांचा पसारा मोठा असतो हे खरं, पण आंतरराष्ट्रीय नियमाने काडतुसात छर्रे २४ ग्रॅमच असतात, म्हणजे सुमारे तीनशे, आणि पसाऱ्याच्या कडेला ते विरळ होतात. कडेवर सापडलेला क्ले कधी फुटतो, कधी नुसता धूळ उडवून पुढे जातो. "आज लागतंय, उद्या लागत नाही" अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांचं दुखणं हेच असतं.

आता तुमच्या 'डावीकडे'कडे येऊ. उजव्या हाताच्या माणसाचे बार डावीकडे जायची मला तीन मोठी कारणं माहीत आहेत. पहिलं, त्याचा डावा डोळा वरचढ आहे. दुसरं, दस्त्याला पुरेसा कास्ट नाही, म्हणजे दस्ता उजवीकडे पुरेसा वळलेला नाही आणि उजवा डोळाही रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) डावीकडे राहतो. तिसरं, उजवीकडे जाणाऱ्या क्लेवर तो चाप ओढताना क्लेबरोबर फिरणारा बंदुकीचा झोका थांबवतो. तिसरं कारण बंदुकीचं नाही, शिकण्याचं आहे. कोणतं कारण तुमचं, हे लांबून मी सांगू शकत नाही. तुम्ही स्वतः शोधू शकता, आणि बहुतेक काम एक रुपया न घालता होतं.

आधी डोळा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू बघा, साखर कारखान्याची चिमणी दिसत असेल तर उत्तम. आता हात न हलवता डावा डोळा मिटा. चिमणी फटीतच राहिली तर उजवा डोळा वरचढ. चिमणी गायब झाली तर डावा. हे सकाळी करा, संध्याकाळी दमल्यावर करा, चार-पाच दिवस करा. काहींचा डोळा मधेच असतो, थकल्यावर बदलतो, आणि अशा माणसाचं पहिल्या फेरीत चांगलं लागतं, शेवटच्या फेरीत बिघडतं.

डावा डोळा वरचढ निघाला तर घाबरू नका, पण बंदूक घेण्याआधी निर्णय करा. तुम्ही नवे आहात, सवय अजून अंगात मुरलेली नाही. तुमच्यासारख्याला मी डाव्या खांद्यावरून शिकायचा सल्ला देतो. पहिले काही आठवडे अवघडल्यासारखं होतं, मग जमतं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारता येतं, जो क्ले शूटिंगमधला फार मोठा फायदा आहे. ज्याला ते अजिबात जमत नाही, त्याच्या शूटिंगच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावतात, बरोबर रिब दिसते त्या जागी. बाजूची नजर शाबूत राहते, फक्त डावा डोळा नळीचा ताबा घेत नाही. पण ध्यानात घ्या: डाव्या खांद्याचं ठरलं तर उजव्या हाताच्या माणसासाठी वळवलेला दस्ता तुमच्या उपयोगाचा नाही. ती इटालियन बंदूक तिथेच बाद होऊ शकते. म्हणून डोळा आधी.

डोळा उजवाच निघाला, तर पुढची परीक्षा कागदावर. रेंजवर कोचना सांगून १५ मीटरवर एक मीटर लांबी-रुंदीचा कागद लावून घ्या, मध्ये काळा ठिपका. बंदूक खाली धरून उभे राहा, नजर ठिपक्यावर, बंदूक खांद्याला आली की लगेच बार. नेम धरायचा नाही. नेम धरलात तर तुम्ही दस्त्याची चूक मानेने भरून काढाल आणि परीक्षा फुकट जाईल. असे चार-पाच बार एकाच कागदावर टाका आणि छर्ऱ्यांचा दाट भाग कुठं आहे ते बघा. इथं क्ले पळत नाही, त्यामुळे झोका थांबण्याचा प्रश्नच येत नाही. कागदावरही डावीकडे गेलं तर डावी काच झाकून पुन्हा मारा. झाकल्यावर मधोमध आलं तर दोष डोळ्याचा, तरीही डावीकडेच राहिलं तर दस्त्याचा. आणि कागदावर सगळं मधोमध, फक्त क्लेवर डावीकडे, असं असेल तर बंदुकीला हात लावू नका, कोचकडून झोका सुधारून घ्या.

आता दस्त्याची मापं. यात मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

पहिलं माप लांबीचं, चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत. दुकानात कोपर वाकवून त्यात दस्ता टेकवतात आणि बोट चापाला पोचलं की "बसली तुम्हाला" म्हणतात. त्या पद्धतीवर मी विश्वास ठेवत नाही. तिने हाताची लांबी कळते, मानेची, खांद्याची, छातीची कळत नाही. मी असं बघतो: बंदूक रिकामी आहे हे नळ्या उघडून दोनदा तपासायचं, मग नेहमीसारखी खांद्याला घ्यायची, गाल टेकवायचा, आणि नाक व चापाच्या हाताचा अंगठा यांत किती अंतर राहतं ते बघायचं. दोन ते तीन बोटं राहिली तर लांबी जवळपास बरोबर. अंगठा नाकाला लागतोय तर दस्ता आखूड. बंदूक वर येताना काखेत किंवा कपड्यात अडकतेय तर लांब. युरोपातल्या तयार बंदुकांचा दस्ता बहुधा साडेचौदा इंच किंवा थोडा जास्तच असतो. पाच फूट पाच इंचाच्या आपल्या माणसाला पुष्कळदा चौदाच्या आसपास लागतो, कधी त्याहून कमी. 'पुष्कळदा' म्हणतोय, कारण त्याच उंचीचे, एकाची मान लांब आणि दुसऱ्याचे खांदे रुंद, असे दोघे भाऊ माझ्याकडे आले होते, आणि दोघांना एकच दस्ता चालला नाही.

दुसरं माप उंचीचं. दस्त्याची वरची कड, जिथं गाल टेकतो तिला कॉम्ब म्हणतात, ती रिबच्या रेषेपासून किती खाली आहे ते. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बंदूक रिकामी, डोळे मिटून खांद्याला घ्या, गाल नीट दाबून टेकवा, मग डोळे उघडा. रिबची पट्टी थोडीशी दिसली आणि पुढचा मणी मधल्या मण्याच्या (ट्रॅपच्या बंदुकीवर रिबच्या मध्येही एक मणी असतो) डोक्यावर बसल्यासारखा दिसला तर ट्रॅपसाठी ठीक. समोर नुसतं बंदुकीचं मागचं लोखंड दिसलं, मणी दिसतच नाही, तर कॉम्ब तुम्हाला खाली आहे. रिबचा अख्खा रस्ता दिसला तर वर आहे. ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी वर मारणारी ठेवतात, कारण क्ले खंदकातून निघून वर चढत असतो. बंदूक वर मारणारी असेल तर क्ले नळीच्या वर दिसत राहतो, झाकून मारावा लागत नाही. स्कीटमध्ये, म्हणजे क्ले आडवे जातात त्या प्रकारात, ती सरळ मारणारी हवी.

तिसरं कास्ट, त्याबद्दल वर बोललो. गालाची हाडं रुंद असतील तर तो जास्त लागतो. आणि चौथं, दस्त्याच्या मागच्या तोंडाचा तिरपेपणा, पिच. बंदूक खांद्याला घेतल्यावर मागचं तोंड वरपासून खालपर्यंत सगळं टेकलं पाहिजे. खालचं टोकच रुतत असेल तर धक्का एका जागी बसतो आणि बंदूक उसळते. मुलींना आणि भरलेल्या छातीच्या पुरुषांना याचा त्रास जास्त होतो, आणि दुर्दैवाने त्यांना "सवय होईल" एवढंच सांगितलं जातं. सवय होत नाही. अशी माणसं प्रत्येक बाराला दचकायला लागतात आणि खेळ सोडतात. पिच बदलायला मागच्या रबराखाली एक पाचर पुरते.

तुमच्या सुजलेल्या गालाचंही उत्तर यातच आहे. मागे उतरत जाणारा दस्ता असेल तर धक्क्याने बंदूक मागे येते तेव्हा कॉम्बचा पुढचा उंच भाग गालाखाली सरकतो आणि गालाला वर ठोकतो. दस्ता आखूड असेल तर अंगठा आणि गाल जवळ येतात, तिथंही मार बसतो. तिसरं कारण साधं: नवा माणूस धक्क्याच्या भीतीने गाल हलकाच टेकवतो, आणि मधल्या फटीमुळे दस्ता येऊन आपटतो. क्लबची बंदूक सगळ्यांसाठी असते, म्हणजे बहुतेकांना थोडी थोडी चुकलेली. म्हणून गाल सुजला यावरून "मला बारा बोर झेपत नाही" असा निष्कर्ष काढू नका.

आजोबांच्या बंदुकीबद्दल. ती जपून ठेवा, पण क्लेसाठी वापरू नका. जुन्या दुनळ्या शेतात चालत जाऊन अचानक मारण्यासाठी केलेल्या असतात. वजनाला हलक्या, दस्ता मागे बराच उतरता, दोन चाप, चोक (नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा, जो छर्ऱ्यांचा पसारा ठरवतो) नळीतच कायमचा घडवलेला. अशी बंदूक बहुधा ३ किलोच्या आसपास असते, ट्रॅपची साडेतीन किलोच्या वर. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. २.९ किलोची बंदूक ३.६ किलोच्या बंदुकीपेक्षा जवळपास पाव पट जास्त धक्का देते. शेतात दिवसाला दोन बारांना ते कळत नाही. ट्रॅपच्या एका फेरीत २५ क्ले असतात आणि पात्रता फेरीत प्रत्येकाला दोन बार मिळतात, तिथं खांदा बोलायला लागतो.

शिवाय एक धोका आहे, तो नीट वाचा. जुन्या पुष्कळ बंदुकांची काडतुसाची खोली अडीच इंचाची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आजची क्लेची काडतुसं बहुधा ७० मिलिमीटरची. न उडालेलं काडतूस दुमडलेलं असल्याने आखूड असतं, त्यामुळे ते त्या खोलीत आरामात बसतं आणि माणसाला वाटतं की चाललं. उडताना तोंड उघडतं, ते पुढच्या निमुळत्या भागात अडकतं, आणि दाब बंदुकीच्या सहनशक्तीबाहेर जाऊ शकतो. नळ्यांच्या खालच्या अंगाला खोलीचं माप आणि तपासणीचे ठसे कोरलेले असतात. ते परवानाधारक दुकानातल्या जाणत्या कारागिराकडून वाचून घेतल्याशिवाय त्या बंदुकीत आजचं काडतूस घालू नका. नळीवर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली जुनी नळी असेल, तर अजिबात नको.

नळीची लांबी तुम्ही पहिली सांगितलीत, मी ती उशिरा घेतोय. ट्रॅपला ३० ते ३२ इंच, स्कीटला २८ ते ३० इंच, असा साधारण रिवाज. लांब नळी लांब मारते हा समज सोडा. काडतुसातल्या आजच्या दारूला तो फरक नगण्य आहे. लांब नळी पुढे जड असते, म्हणून झोका संथ आणि अखंड राहतो. पण ते वजन तुमच्या हातांना पेललं पाहिजे. तुमच्या बांध्याला ३० इंची बंदूक बऱ्याचदा जास्त मानवते, पण ३२ इंची उचलून, वीस-पंचवीस वेळा खांद्याला घेऊन डावा हात थरथरत नसेल तर तीही चालेल. हात सांगेल ते खरं.

ट्रॅप की स्कीट, हे मात्र आधी ठरवा. ट्रॅपमध्ये क्ले तुमच्यापासून लांब पळतो आणि बंदूक आधीच खांद्याला लावून 'पुल' म्हणता येतं. तिथं घट्ट चोक हवा, पहिल्या नळीला तीन-चतुर्थांश किंवा त्याच्या आसपास, दुसरीला फुल. स्कीटमध्ये दोन घरांतून क्ले आडवे येतात, अंतर २० मीटरच्या आतबाहेर, आणि आंतरराष्ट्रीय नियमाने क्ले दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ ठेवावा लागतो. तिथं चोक मोकळा हवा आणि दस्ता किंचित आखूड बरा, वर येताना अडकू नये म्हणून. तुम्हाला नक्की माहीत नसेल तर चोक बदलता येणारी, ३० इंची, कॉम्ब वर-खाली करता येणारी ओव्हर-अंडर बघा. तज्ज्ञांना ती तडजोड वाटेल. शिकणाऱ्याला ती उपयोगी पडते. ओव्हर-अंडरच सांगतोय, कारण नजरेसमोर एकच अरुंद पट्टी राहते आणि पहिला बार खालच्या नळीतून करता येतो. ती नळी खांद्याच्या रेषेजवळ असते, त्यामुळे बंदूक कमी उसळते आणि दुसऱ्या बाराला लवकर सावरते. सेमी-ऑटोमॅटिकला नियमात मनाई नाही, धक्काही कमी असतो, पण रेंजवर ती उघडी आणि रिकामी आहे हे शेजारच्याला लांबून दिसत नाही. नव्या माणसाच्या हातात मला नळ्या उघडून खांद्यावर टाकता येणारी बंदूकच बरी वाटते.

आणि कंपनी? बेरेटा, पेराझी, ब्राउनिंग, क्रीगहॉफ यांपैकी कुठलीही बंदूक जगातल्या मोठ्या रेंजवर तुम्हाला दिसेल. पेराझीची ख्याती अशी की चापाचा संच हाताने बाहेर काढता येतो आणि दस्ता मापाने करून मिळतो. सगळ्या चांगल्याच आहेत. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य जिंकलं, मानवजितसिंग संधू २००६ मध्ये ट्रॅपचे जगज्जेते झाले. त्यांची बंदूक जशीच्या तशी तुमच्या हातात दिली तरी ती त्यांच्याच गालाची राहील. ऊसतोडीवाला आपला कोयता दुसऱ्याला सहसा देत नाही, मूठ त्याच्या हाताने झिजून त्याची झालेली असते. बंदुकीचं तसंच आहे, फक्त इथं झिजायची वाट न बघता माप घेऊन करून घ्यावं लागतं. म्हणून बजेटमधला एक भाग आधीच बाजूला काढा: दस्ता जुळवायला, मागचं रबर बदलायला, आणि मुख्य म्हणजे काडतुसांना. साधी बंदूक आणि भरपूर काडतुसं घेणारा, भारी बंदूक आणि मोजकी काडतुसं घेणाऱ्याच्या पुढे जातो.

कागदांचं सांगतो, कारण आपण सीमेवर राहतो. तुमचा परवाना कर्नाटकातला असणार, आणि कोल्हापूर निपाणीहून तासाभरावर असलं तरी ते दुसरं राज्य आहे. परवान्यावर हद्द लिहिलेली असते, ती जिल्ह्याची, राज्याची की देशाची, ते बंदूक गाडीत ठेवण्याआधी वाचा. कागद कन्नडात असेल आणि वाचता येत नसेल तर अंदाजाने चालू नका, वाचून घ्या. कोडगूतल्या कोडवांना बिनपरवाना बंदूक ठेवता येते असं ऐकून काही जण ते सगळ्या कर्नाटकाला लागू समजतात. ती सूट कोडगूतल्या ठरावीक लोकांपुरतीच आहे. आजोबांची बंदूक तुमच्या नावावर करायची असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची तरतूद आहे, आजोबा हयात असतानाही, वयाची ७० वर्षं झाली की. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाची बंदूकही त्यात मोजली जाते. म्हणजे आजोबांची घेतलीत तर क्लेच्या बंदुकीसाठी एकच जागा उरते. ती चुकीच्या बंदुकीने भरू नका. निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, तेव्हा सरावाला खंड पडतो, हेही धरून चला. आणि नळी कापून लहान करण्याचा विचार मनातही आणू नका, शस्त्र कायद्याने तो गुन्हा आहे.

दस्त्यावर काम करायचं तर ते परवानाधारक दुकानातल्या कारागिराकडूनच. गावातला सुतार कितीही हुशार असो, बंदूक त्याच्याकडे ठेवून येता येत नाही. आणि कापण्याआधी कायम तात्पुरतं करून बघा. कॉम्ब खाली वाटतो? पातळ रबराच्या पट्ट्या कापडी चिकटपट्टीने वर बसवा, कागदावर बार टाका, एक पट्टी काढा, पुन्हा टाका. लांबी कमी वाटते? मागच्या रबराखाली पाच-पाच मिलिमीटरचे तुकडे घाला. माप पक्कं झालं की मग लाकडाला हात. दस्ता अक्रोडाचा असतो, वजन बेताचं आणि मार सोसणारा, पण एकदा कापला की परत जोडून तसा होत नाही. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि लोखंडाला एका रात्रीत तांबूस डाग येतात, म्हणून बंदूक म्यानात गुंडाळून ठेवू नका, पुसून, हलकं तेल लावून मोकळ्या कपाटात कुलपात ठेवा.

तेव्हा सध्या क्रम असा ठेवा. या आठवड्यात डोळा तपासा. पुढच्या वेळी रेंजवर कागदावर बार टाका, क्लबच्याच बंदुकीने, कॉम्बवर पट्टी लावून आणि न लावता. मान्यताप्राप्त क्लबात सदस्य म्हणून क्लबच्या बंदुकीवर शिकता येतं, त्यासाठी स्वतःची असावी लागत नाही. कोचना तुमची लांबी आणि कॉम्बची उंची लिहून द्यायला सांगा. ती दोन मापं खिशात आल्यावर विक्रेत्याकडे जा.

त्या इटालियन बंदुकीपाशी गेल्यावर आधी दस्ता मोजा. ती आधीच्या मालकासाठी कापलेली, वाढवलेली किंवा डाव्या हाताकडे वळवलेली असू शकते, आणि उंच माणसासाठी वाढवलेली असेल तर ते चांगलंच, कमी करता येते. मग पुढचं लाकूड काढून नळ्या बिजागरीवर हलवून बघा, खुळखुळ नको. नळ्यांतून उजेडाकडे बघा, पोचा किंवा गंजाचे खड्डे नकोत. चोकवर काय कोरलंय ते वाचा, स्कीटची असेल तर ट्रॅपला कमी पडेल. खेळाडू म्हणून आयात केलेली बंदूक असेल तर तिच्या विक्रीवर अटी असू शकतात, ते कागद मागा आणि तुमच्या परवान्यावर ती चढू शकते हे परवाना कार्यालयात विचारल्याशिवाय इसारही देऊ नका. हे सगळं जमलं तर त्याला एकच विनंती करा: त्याच्या उपस्थितीत, रेंजवर, एक मीटरच्या कागदावर पाच बार मारू द्या. तयार असेल तर मारा आणि छर्रे कुठं पडले ते मला कळवा, कागदाचा फोटो मात्र सरळ समोरून काढा. तयार नसेल तर ती बंदूक सोडा.